बॉक्स क्रिकेट-फुटबॉलचं टर्फ बांधायचंय? आधी जमिनीखालचं बघा

कृत्रिम टर्फच्या तक्रारी मुख्यतः तीन: पाणी साचतं, सांधे उकलतात, गवत झोपतं. पहिल्या दोन्हींचा गवताच्या दर्जाशी फारसा संबंध नसतो, तिसरीचाही निम्माच. तरी टर्फ उभारायला निघालेला माणूस सगळी घासाघीस गवताच्या स्क्वेअर फुटाच्या दरावर करतो आणि खालचं काम जेसीबीवाल्यावर सोपवून मोकळा होतो. बजेट आखडतं असेल तर गवत एक पायरी हलकं घ्या, पण पाया आणि निचरा यांत काटकसर नको. रोजच्या भाड्याच्या वापरात गवत सहा-आठ वर्षांत बदलावंच लागतं. पाया नीट असेल तर त्याच पायावर दुसरं गवत बसतं, तिसरंही बसतं.

पुढचे सगळे आकडे १०० × ६० फुटांच्या, बॉक्स क्रिकेट आणि पाच-पाच जणांचं फुटबॉल दोन्ही खेळता येईल अशा मैदानाचे आहेत. म्हणजे ३०.४८ × १८.२९ मीटर, ६,००० चौरस फूट, ५५७ चौरस मीटर. हॉकीचं टर्फ यात धरलेलं नाही. १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून हॉकी ज्या गवतावर गेली ते आखूड, बिनवाळूचं आणि सामन्याआधी पाणी मारून भिजवायचं. त्याचा पायाही वेगळा आणि हिशोबही वेगळा.

माप ठरवताना रोलची रुंदी बघा

गवताचा रोल साधारण ४ मीटर रुंद येतो. कडा छाटल्यावर हाती ३.९५ मीटर उरतात. आपल्या मैदानात रोल आडवे, म्हणजे ६० फुटांच्या बाजूला समांतर टाकले तर १८.६ मीटर लांबीचे ८ रोल लागतात, एकूण ५९५ चौरस मीटर. तेच लांबीला समांतर टाकले तर ३०.८ मीटरचे ५ रोल, ६१६ चौरस मीटर. नुसती दिशा बदलल्याने २१ चौरस मीटर गवत वाचलं. जागेत सवड असेल तर लांबी १०० ऐवजी १०३ फूट करा. त्याच आठ रोलांत तीन फूट मैदान जास्त मिळतं आणि कापून टाकायचं गवत जवळपास उरतच नाही. हे सगळं कागदावर ठरलं पाहिजे. खांबांचे खड्डे भरून झाल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

फॅक्टरीतून रोल हव्या त्या लांबीचे कापून मिळतात. ऑर्डर देताना सगळे रोल एकाच बॅचचे हवेत असं लिहून घ्या. बॅच बदलली की हिरव्याची छटा बदलते. ते उन्हात दिसत नाही, रात्री दिव्यांखाली मात्र पट्टे स्पष्ट दिसतात.

माती

काळी माती असेल तर तिच्यावर काहीही बांधायचं नाही, ती काढायची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरचे थर तिच्यासोबत हलतात. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, अहिल्यानगरकडच्या बहुतेक जागांना हे लागू आहे. किमान दीड फूट माती काढून तिथे मुरूम भरायचा. ६,००० चौरस फुटांना दीड फूट म्हणजे दाबून ९० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). सैल मुरूम दाबला की बसतो, त्यामुळे मागवताना ११५ ते १२० ब्रास धरा. मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवू नका. सहा-सहा इंचांचे थर करा, प्रत्येक थरावर पाणी मारा आणि ८-१० टनी रोलरने दाबा. रोलरच्या चाकामागे माल लाटेसारखा हलत असेल तर तो थर अजून ओला किंवा सैल आहे.

कोकणात आणि गोव्यात जांभा असतो. तिथे पाया सोपा जातो, पण पाऊस भयंकर आणि हवा खारी, म्हणून पैसे निचऱ्याकडे आणि खांबांच्या गॅल्व्हनायझिंगकडे वळवा.

सर्वात फसवी जागा भरावाची. डबर, विटांचे तुकडे, प्लास्टिक असलेला दोन-तीन फुटांचा ताजा भराव वरून टणक वाटतो आणि पहिल्याच पावसाळ्यात जागोजागी खचतो. शक्य असेल तर असा भराव एक पावसाळा तसाच पडू द्या. घाई असेल तर तो पूर्ण उपसून थराथराने पुन्हा भरा.

पाणी कुठे जाणार?

काम सुरू करण्याआधी मैदानाचं पाणी शेवटी कुठे सोडायचं ते ठिकाण शोधा. रस्त्याचं गटार किंवा नाला तुमच्या पाइपच्या तळापेक्षा उंच असेल तर पाणी उलटं आत येईल. मग शोषखड्डा किंवा पंप बसवलेली टाकी लागते, आणि त्यासाठी जागा आधीच सोडावी लागते.

मैदानाला मधून दोन्ही लांब बाजूंकडे १ टक्का उतार द्या. मधली रेघ ते कड हे अंतर ३० फूट, म्हणजे कडेला साधारण साडेतीन इंच खाली. फिफाच्या मानकांतही उतार १ टक्क्याच्या आतच ठेवायला सांगितलं आहे, कारण त्याहून जास्त झाला की चेंडू आपोआप कडेला पळतो. एकाच बाजूला सलग उतार देणंही चालतं, पण मग ६० फुटांत सात इंच फरक पडतो आणि फलंदाजाला तो जाणवतो.

दोन्ही लांब कडांच्या आतून एक फूट रुंद, दीड फूट खोल चर खणा. आत १५०-२०० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, त्यावर ११० मिमीचा भोकांचा पाइप, भोकं खालच्या अंगाला. भोवती २० मिमीची धुतलेली खडी भरा आणि कापड वरून दुमडून बंद करा. पाइपला २०० फुटांत १ फूट उतार हवा, म्हणजे १०० फुटांत ६ इंच. जमीन चिकट असेल तर दर २०-२५ फुटांवर आडवे पाइपही टाका. कोपऱ्यात २ × २ फुटांचं चेंबर घ्या आणि चेंबरपासून पुढचा पाइप १६० मिमीचा ठेवा. तासाला ५० मिमी पाऊस झाला तर या मैदानावर २८,००० लिटर पाणी पडतं. सेकंदाला जवळपास ८ लिटर. एकटा ११० मिमीचा पाइप एवढं पाणी ओढत नाही.

चेंबरच्या तळाला पाइपच्या खाली आणखी नऊ इंच खोली ठेवा. गवतात भरलेली वाळू आणि रबराचे दाणे वाहून आले तर तिथे बसतात, पुढच्या पाइपात जात नाहीत.

थर आणि ब्रास

मुरमाच्या तयार तळावर पूर्ण जागेत जिओटेक्स्टाइल अंथरा, जोडांना फूटभर एकावर एक येऊ द्या. कापड नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत खडी चिखलात रुतते आणि चिखल खडीत वर चढतो. वरचे थर असे:

- ४० मिमी खडी, दाबून ५ इंच. दाबलेली २५ ब्रास, मागवताना ३२-३३.
- २० मिमी खडी, दाबून ३ इंच. दाबलेली १५ ब्रास, मागवताना १९-२०.
- ६ मिमी ग्रिट (बारीक खडी) आणि थोडी डस्ट (क्रशरची दगडी भुकटी), दाबून दीड इंच. दाबलेली साडेसात ब्रास, मागवताना १०.

मोठ्यावर मध्यम, मध्यमावर बारीक हा क्रम निचऱ्यासाठी आहे. वरचा माल खालच्या पोकळीत गळता कामा नये, पाणी मात्र गळलं पाहिजे. ४० मिमी खडीवर थेट डस्ट टाकली की डस्ट पावसाबरोबर खाली जाते आणि वर वाटीएवढे खळगे पडतात.

सर्वांत जास्त मैदानं या शेवटच्या दीड इंचात बिघडतात. क्रशरवर स्वस्त मिळते म्हणून नुसती डस्ट पसरतात, पाणी मारून रोलर फिरवतात, पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि सगळे खूश. त्या डस्टमधलं पीठ एकमेकांना धरून कडक पापुद्रा तयार होतो, पाणी त्यावरच थांबतं. खालचा सगळा खर्च वाया. मालाची गाडी रिकामी करण्याआधी एक तपासणी करा. पारदर्शक बाटलीत अर्धी डस्ट, वर पाणी, जोरात हलवा आणि तासभर ठेवा. वर बसलेला मऊ गाळाचा थर एकूण मालाच्या दहाव्या हिश्शाहून जाड असेल तर गाडी परत पाठवा. ग्रिट तीन भाग आणि धुतलेली डस्ट एक भाग हे मिश्रण बहुतेक ठिकाणी जमतं. ते आरशासारखं दिसत नाही, थोडं खरखरीत राहतं. तसंच हवं.

पातळी तपासायला ३ मीटरची सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घ्या आणि मैदानभर सगळ्या दिशांनी टेकवत फिरा. पट्टीखाली कुठेही १० मिमीपेक्षा जास्त फट नको. उंचवटा खरवडा, खळगा ग्रिटने भरा आणि पुन्हा दाबा. गवत आणि वाळू खळगे झाकतात, बुजवत नाहीत. मग ५,००० लिटरचा टँकर मागवून नळीने सगळीकडे सारखं पाणी मारा. ५५७ चौरस मीटरवर ते ९ मिमी पाऊस पडल्यासारखं होतं. अर्ध्या तासानंतर जिथे डबकं दिसेल तिथे खडूने गोल करा. ही तपासणी होऊन डबकी मिटल्याशिवाय गवताचा ट्रक उतरवू देऊ नका.

काँक्रीट करावं का? भाड्याच्या जागेत नको. करार संपल्यावर ते फोडायचा खर्च तुमच्याच गळ्यात येतो. शिवाय पाणी खाली जिरत नाही, सगळं पृष्ठभागावरूनच कडेला न्यावं लागतं आणि फुटबॉलला खाली १० मिमीचं शॉक पॅड घालावंच लागतं, नाहीतर गुडघे बोलतात. स्वतःची जागा, खाली भयंकर काळी माती आणि माती काढायला वाव नाही, अशा वेळी मात्र सळई घातलेलं काँक्रीट चांगला पर्याय ठरतं.

इमारतीच्या गच्चीवर करायचं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. वावरासाठी मोकळ्या गच्चीचा भार भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो धरतात, लोक जमतात अशा जागेचा ५०० किलो. टर्फ, वाळू, रबर मिळून ३० किलोच भरतात. खरा भार उड्या मारणाऱ्या माणसांचा आणि जाळीवर आदळणाऱ्या वाऱ्याचा.

कठडा, खांब, जाळी

ही कामं शेवटचा दीड इंचाचा थर टाकण्याआधी उरका. क्रेन आणि काँक्रीटची गाडी तयार पायावर चढली की चाकोऱ्या पडतात.

३० फूट उंचीच्या खांबाला किमान ४ इंची पाइप, २ × २ फुटांचा आणि ५ फूट खोल खड्डा, एम-२० काँक्रीट. खांबांतलं अंतर १२-१५ फूट. क्रिकेटसाठी जाळीचं भोक दीड-दोन इंचांचं लागतं, फुटबॉलच्या ४ इंची जाळीतून टेनिस बॉल निघून जातो. जाळी खांबांना लोखंडी तारेने कायमची आवळू नका. मे महिन्यात वळवाचं वादळ आलं की जाळी शिडासारखी फुगते, आणि बांधणी तुटली नाही तर खांब वाकतो. वाऱ्याच्या बाजूला नायलॉनची हलकी दोरी वापरा. दोरी तुटली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधता येते.

चारही बाजूंनी कठडा बांधा. त्याचा माथा गवताच्या वाळूपेक्षा इंचभर वर असावा. मुसळधार पावसात रबराचे दाणे तरंगतात आणि कठडा नसेल तर गटारात जातात. दिव्यांच्या वायरींचे पाइप याच वेळी पुरून घ्या. ३०० लक्स (प्रकाशाचं माप) उजेडासाठी या मापाला चांगल्या एलईडीचे साधारण साडेतीन किलोवॅट लागतात. दिवे गोलंदाजाच्या क्रीजच्या मागे, फलंदाजाच्या डोळ्यांसमोर येतील असे लावू नका.

गवत: विक्रेत्याचा आकडा आणि खरा आकडा

गवताचा धागा तीन प्रकारचा. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि कडक, घसरून पडलं तर कातडी सोलते. नायलॉन चिवट, उष्णता सोसणारा, पण महाग. खेळाच्या मैदानाला पॉलिइथिलीन, तोही मोनोफिलामेंट, म्हणजे एकेक स्वतंत्र पातं असलेला. पात्याला मधोमध शीर असेल तर ते दाबून परत उभं राहतं. मधे कुरळे तपकिरी धागे असलेलं २५-३५ मिमीचं गवत बागेसाठी असतं. ते मैदानाला विकणारे बरेच भेटतील.

क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही असेल तर ४० ते ५० मिमी उंची योग्य. नुसत्या क्रिकेटला कमी उंची आणि जास्त वाळू बरी, उसळी सारखी मिळते.

डीटेक्स म्हणजे १०,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. विक्रेते हाच आकडा फेकतात. पण धागा कितीही जाड असला तरी टाके विरळ असतील तर मैदान टक्कल पडल्यासारखं होतं. हिशोब स्वतः करता येतो. टाक्यांच्या दोन ओळींतलं अंतर ५/८ इंच असेल तर मीटरमध्ये ६३ ओळी. एका ओळीत मीटरला १६५ टाके असतील तर चौरस मीटरला सुमारे १०,४०० टाके. प्रत्येक टाक्याला दोन पाय, उंची ५० मिमी, म्हणजे १,०४० मीटर धागा. १२,००० डीटेक्सला मीटरभर धागा १.२ ग्रॅम. एकूण साधारण १,२५० ग्रॅम. ८,८०० डीटेक्सचं तेच गवत ९१५ ग्रॅमवर येतं. ओळींतलं अंतर ३/४ इंच केलं की टाके ८,७०० पर्यंत उतरतात, दर मात्र बऱ्याचदा तोच सांगतात.

नमुन्याचा १० × १० सेंमी तुकडा घ्या, वरचं गवत पाठीलगत, म्हणजे खालच्या कापडालगत, ब्लेडने तासा आणि सराफाच्या काट्यावर तोला. १२,००० डीटेक्स सांगितलं असेल तर साडेबारा ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. नऊ भरलं तर आकडा कुठून आला ते विक्रेत्याला विचारा.

पाठीची परीक्षाही सोपी. एका टाक्याला बारीक आकडा अडकवून ताणकाट्याने सरळ वर ओढा. फिफाच्या मानकात टाका उपटायला किमान ४० न्यूटन जोर लागावा अशी अट आहे, म्हणजे साधारण ४ किलो. दोन किलोत निघणारा टाका मैदानावर महिनाभर टिकत नाही. पाठीला बहुतेक एसबीआर लॅटेक्स (कृत्रिम रबराचा लेप) असतं आणि ठरावीक अंतरावर पाणी जायला भोकं असतात. प्रकाशासमोर धरून ती आरपार आहेत ना ते बघा, लॅटेक्सने बुजलेली भोकं सर्रास निघतात. ज्या जागेत ओल राहतेच तिथे पॉलियुरेथेनची पाठ जास्त टिकते.

सांधे

रोल उलगडून किमान चार-सहा तास उन्हात पडू द्या, रात्रभर ठेवले तर उत्तम. गुंडाळीच्या सुरकुत्या निघतात आणि गवत आपल्या मापाला येतं. सगळ्या रोलांचा कल एकाच दिशेला हवा. हात फिरवून बघा, एका बाजूने गवत मऊ लागतं, दुसऱ्या बाजूने टोचतं. एकही रोल उलटा लागला तर तो कायमचा वेगळ्या रंगाचा दिसणार.

कड कापताना रोल उलटा दुमडून पाठीवरून कापायचा. कडेच्या दोन-तीन ओळी सोडून, दोन ओळींच्या मधोमध, हुक ब्लेडने. वरून कापलं की पाती तुटतात. दोन रोल शेजारी आणल्यावर सांध्यातलं अंतर बाकीच्या ओळींइतकंच, म्हणजे १६ मिमी राहिलं पाहिजे. डोळ्यांना रेघ दिसली तर रोल एकमेकांपासून लांब आहेत, हाताला उंचवटा लागला तर फार जवळ.

मग दोन्ही कडा मागे दुमडा, मधोमध ३० सेंमी रुंद सांधापट्टी गुळगुळीत बाजू खाली ठेवून अंथरा आणि दाताळ्या थापीने दोन घटकी पॉलियुरेथेन गोंद पसरवा. मीटरला ४०० ग्रॅम धरा. सात सांधे मिळून १२८ मीटर होतात, म्हणजे ५१ किलो. कडेच्या चिकटवणीसह ७० किलो मागवा. डब्यातले दोन घटक पूर्णच मिसळायचे, अंदाजाने अर्धे-अर्धे नाही. प्रमाण चुकलं तर तो भाग कधीच वाळत नाही. गोंद पसरल्यावर कडा हळूच वरून खाली सोडा, आत पाती अडकली तर पेचकसाच्या टोकाने बाहेर काढा. लगेच पायांनी दाबू नका, गोंद वर येतो. अर्ध्या तासाने सांध्यावर वाळूच्या गोण्या ओळीने ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कोणालाही चालू देऊ नका.

हा गोंद ओलाव्याशी लगेच प्रतिक्रिया करतो, बुडबुडे येतात आणि सांधा स्पंजासारखा पोकळ होतो. म्हणून ओल्या पायावर, दवात किंवा आभाळ भरून आलं असताना सांधे करायचे नाहीत. भर दुपारीही नाही. तापून पसरलेलं गवत रात्री आकसतं आणि ओला सांधा ओढला जातो. सकाळी दव वाळल्यावर अकरापर्यंत आणि दुपारी चारनंतर सूर्य मावळेपर्यंत, एवढाच वेळ. काही फिटर पॉलियुरेथेनऐवजी चपला-फर्निचरचं रबरी सोल्युशन लावून अर्ध्या खर्चात उरकतात. एप्रिलच्या उन्हात ते मऊ पडतं आणि क्रीजजवळचा सांधा सगळ्यात आधी जीभ काढतो. डबे सीलबंद साइटवर आलेत ना आणि त्यांवर काय लिहिलंय, ते स्वतः उभं राहून बघा.

पांढऱ्या रेघा रंगवू नका. हिरवी पट्टी कापून तिथे पांढरं गवत बसवा, तशाच सांधापट्टीवर. फलंदाजाची क्रीज, गोलंदाजाची उडी पडते ती जागा आणि फुटबॉलचं गोलतोंड, हे चौकोन सुरुवातीपासूनच वेगळे कापून बसवले तर पुढे तेवढेच बदलता येतात.

वाळू आणि रबर

भरण गवताला उभं धरतं, पाठीचं उन्हापासून रक्षण करतं आणि गवताला जागेवर दाबून ठेवतं. आधी वाळू, मग रबर.

वाळू धुतलेली, वाळवलेली सिलिका, गोल कणांची, ०.४ ते ०.८ मिमी. क्रशरची वाळू नको, तिच्या धारदार कडा पाती आणि पाठ दोन्ही कापतात. रबर टायरचं दाणेदार चूर्ण, साधारण ०.८ ते २.५ मिमी. मूठभर दाण्यांतून लोहचुंबक फिरवा, टायरमधली तार चिकटून आली तर माल नाकारा. पांढऱ्या रुमालात चोळा. थोडा काळेपणा येणारच, पण रुमाल पूर्ण काळा झाला तर त्यात पूड जास्त आहे.

किती भरायचं हेही हिशोबाने ठरतं. चौरस मीटरला २० किलो वाळू म्हणजे १३ मिमी थर. ८ किलो रबर म्हणजे १७ मिमी. दोन्ही मिळून ३० मिमी, ५० मिमी गवतातलं २० मिमी मोकळं उरतं. हे फुटबॉलला चांगलं. आपल्या मैदानाला ११ टन वाळू आणि साडेचार टन रबर लागेल. ४० मिमी गवताला १६ किलो वाळू आणि ५ किलो रबर पुरतं. यापेक्षा कमी भरण म्हणजे वर्षभरात आडवं झालेलं गवत. ठेकेदार सगळ्यात आधी इथेच हात राखतो, कारण झाल्यावर ते दिसत नाही. म्हणून गाडी उतरताना गोण्या मोजा: ५० किलोच्या वाळूच्या २२३, २५ किलोच्या रबराच्या १७८. नंतर दहा-बारा ठिकाणी सायकलच्या आऱ्याने भरणाची खोली तपासा.

वाळू एकदम ओतायची नाही. एका वेळी ४-५ किलोचा पातळ हात, मग कडक ब्रशने गवताच्या कलाच्या विरुद्ध झाडायचं, मग पुढचा हात. गवत दबलेलं असताना वाळू पडली तर ते तसंच गाडलं जातं. वाळू आणि गवत दोन्ही कोरडं हवं. सकाळी दव असेल तर दहापर्यंत थांबा.

सगळं झाल्यावर फुटबॉल २ मीटरवरून सोडा. फिफाच्या साध्या दर्जात तो ६० सेंमी ते १ मीटर उसळला पाहिजे. वेगवेगळ्या जागी उसळी फार बदलत असेल तर भरण सारखं पसरलेलं नाही.

रबराबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध घातले आणि मैदानांत भरायच्या अशा दाण्यांची विक्री १७ ऑक्टोबर २०३१ पासून तिथे बंद होणार आहे. ते नियम आपल्याकडे लागू नाहीत, पण उडालेलं रबर शेजारच्या शेतात किंवा नाल्यात जाऊ न देणं आपल्याच हातात आहे. कठडा, चेंबरमधली जाळी आणि दारात पाय झटकायची लोखंडी चौकट एवढ्याने बरंच थांबतं. फक्त क्रिकेट असेल तर रबर टाळून वाळूवर भागवणंच शहाणपणाचं.

वापर सुरू झाल्यावर

उन्हाळ्यात दुपारी गवताचं तापमान ६० अंशांच्या वर जातं. पाणी मारलं की उतरतं, पण थोडाच वेळ. दुपारचे स्लॉट लहान मुलांना देऊ नका. पाण्याचा खर्चही त्यात निघत नाही.

आठवड्यातून एकदा ब्रश, कलाच्या विरुद्ध. क्रीज आणि गोलतोंडात रबर-वाळू उडून जाते, तिथे दर पंधरवड्याला खोली मोजा आणि कमी पडेल तेवढी भरा. भरण कमी झालेल्या जागी पाती मुळाशी दुमडून तुटतात, आणि एकदा तुटली की इलाज नाही. सांध्याचा बोटभर भाग उघडलेला दिसला तर त्याच दिवशी साफ करून चिकटवा. आठवड्याभरात एखाद्याचा बूट त्यात अडकून तो हातभर फाटतो. भिंतीलगत सावलीत पावसाळ्यात शेवाळ धरतं, ते ब्रशने काढा, लोखंडी खराट्याने नको. स्पाइक्सच्या बुटांना आणि तंबाखू-गुटख्याला दारातच मनाई हवी. लग्नाच्या मांडवासाठी मैदान भाड्याने देऊ नका. खुंट्या पाठीला भोकं पाडतात आणि फटाक्याची एक लड गवत वितळवून टाकते.

उरलेले गवताचे तुकडे फेकू नका. त्याच बॅचचं गवत पुन्हा मिळत नाही. गुंडाळून मैदानाच्याच एका कडेला उघड्यावर ठेवा, म्हणजे ऊन-पाऊस सारखाच लागेल आणि तीन वर्षांनी लावलेलं ठिगळ उठून दिसणार नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात चेंबर उघडून तळातली वाळू आणि रबर काढा, पाइपात नळी घालून पाणी सोडा आणि ते पलीकडे किती वेळात बाहेर पडतं ते बघा.